१९५ सूत्रांत आसनाला तीन; मग उरलेला योग काय सांगतो?

२१ जूनला सकाळी सहापासूनच धुळ्यातल्या आमच्या भागातलं मैदान भरायला लागतं. पांढरे टी-शर्ट, रंगीत मॅट, मॅट नसलेल्यांच्या घरच्या सतरंज्या, खरखरणारा लाऊडस्पीकर आणि पाहुणे येईपर्यंत वज्रासनात ताटकळलेली शाळेची पोरं. मृगाने दडी मारली असेल तर सातलाच घाम निथळतो. अशाच एका सकाळी सतरंजी झटकता झटकता शेजारच्या मावशींनी मला गाठलं.

"भाऊ, तीन वर्षं झाली योगा करतेय. कंबर मोकळी झाली, खोटं कशाला बोलू? पण रात्रीची झोप काही येत नाही. सूनबाई एक वाक्य बोलून जाते आणि ते पहाटेपर्यंत डोक्यात फिरतं. योगाने मन शांत होतं म्हणतात ना? मग माझं का होत नाही?"

मी थोडं वाचलेलं आहे हे त्यांना ठाऊक, म्हणून मला विचारलं. तेव्हा मी "होईल, होईल" म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र घरापर्यंत सोबत आला. कारण मावशी जे करत होत्या ते योगातलं एक अंग होतं आणि ज्याची वाट पाहत होत्या ते फळ दुसऱ्याच अंगांचं होतं. ती अंगं कोणती, ते मैदानावर कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

दिवस नवा, पोथी जुनी

योग दिवसाची कथा थोडक्यात सांगून पुढे जाऊ. सप्टेंबर २०१४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला, ११ डिसेंबर २०१४ रोजी तो १७७ देशांच्या सहप्रायोजकत्वाने मंजूर झाला आणि २१ जून २०१५ ला पहिला आंतरराष्ट्रीय योग दिवस साजरा झाला. तेव्हापासून 'योग' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ओळीने वाकलेली माणसं उभी राहतात.

आता जुन्या पोथीत काय आहे ते पाहू. योगाचा आधारग्रंथ म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवतात तो पतंजलींचा योगसूत्र. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक सांगतं, तर कुणी इसवी सनाचं पाचवं. ग्रंथ अगदी लहान आहे: चार पाद आणि १९५ सूत्रं (काही प्रतींत १९६). एवढ्या सूत्रांत थेट आसनावर किती असतील? तीन.

पहिलं म्हणतं, 'स्थिरसुखमासनम्'. स्थिर असेल आणि सुखाचं असेल ते आसन. दुसरं सांगतं, की ते प्रयत्न सैल सोडल्याने आणि अनंतात मन लावल्याने साधतं. तिसरं सांगतं, की ते साधलं म्हणजे थंडी-ऊन, सुख-दुःख अशा जोड्यांचा मारा बसत नाही. संपलं. पाठ किती वाकवायची, पाय कुठे न्यायचा, किती सेकंद थांबायचं, यावर एक अक्षर नाही. पुढे व्यासभाष्यात, म्हणजे या सूत्रांवरच्या जुन्या टीकेत, दहा-बारा आसनांची नावं येतात, पण तीही बहुतेक बसण्याची.

'प्रयत्न सैल सोडल्याने' हे वाचून मला मैदानावरचे दात-ओठ खाऊन पायाचे अंगठे धरणारे काका आठवतात. मीही त्यांच्यातलाच एक होतो.

शब्दातच जू आहे

'योग' हा शब्द 'युज्' धातूपासून आला. जोडणे हा त्याचा एक अर्थ. संस्कृतात बैलांच्या मानेवरच्या जुवाला 'युग' म्हणतात, आणि आपलं 'जू' त्यातूनच आलेलं आहे. म्हणजे पोळ्याच्या दिवशी ज्याला हळद-कुंकू लावतो ते जू आणि मॅटवरचा योग हे एकाच घराण्यातले. दोन बैल एका जुवाखाली आले म्हणजे औत सरळ चालतं. एक शिवाराकडे आणि दुसरा गोठ्याकडे ओढायला लागला की तास वाकडं झालंच म्हणून समजा.

व्याकरणकारांनी मात्र 'युज्'चा आणखी एक अर्थ नोंदवला आहे: समाधी, म्हणजे चित्त एका ठिकाणी पूर्ण ठरणं. व्यासभाष्याची सुरुवातच 'योग म्हणजे समाधी' अशी होते. तेव्हा 'योग म्हणजे जीव आणि शिव यांना जोडणं' हे व्याख्यानांतलं आवडतं वाक्य ऐकताना जरा थांबावं. ते चूक नाही, अनेक परंपरांत तो अर्थ आहेच. पण पतंजलींचा रोख आधी मनाच्या ठरण्यावर आहे. त्यांची व्याख्या तीन शब्दांची: 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः'. चित्त, वृत्ती आणि निरोध. मावशींच्या प्रश्नाचं उत्तर याच तीन शब्दांत दडलेलं आहे.

घरात पडलेला कापूस आणि पाच वृत्ती

चित्त म्हणजे आपलं आतलं सगळं यंत्र: विचार करणारं, आठवणारं, 'मी' म्हणणारं. वृत्ती म्हणजे त्या चित्तात उठणारी हालचाल. पतंजली अशा पाच वृत्ती सांगतात. त्यांची संस्कृत नावं पाठ करण्यापेक्षा आपल्याकडच्या कुठल्याही कापूसवाल्याच्या घरात डोकावून बघा.

दिवाळीनंतर कापूस वेचून घरात आला आहे. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग लागलाय, पोरांच्या अंगाला खाज सुटली आहे, आणि भाव वाढेल या आशेवर घरधनी विकत नाहीये. त्याच्या डोक्यात काय चालतं?

सकाळी बाजार समितीत जाऊन तो आजचा भाव स्वतः पाहून येतो. हे खरं ज्ञान, याला 'प्रमाण' म्हणतात. संध्याकाळी पारावर कुणीतरी सांगतं, की सरकारने आयात बंद केली, आणि तो ते खरं मानून बसतो. नसलेलं असलेलं वाटणं, हा झाला 'विपर्यय'. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो इमले बांधतो: दहा हजार भाव मिळाला तर ट्रॅक्टरचा हप्ता फिटेल, विहिरीचं काम निघेल, पोरीचं लग्न उरकेल. या सगळ्याखाली नुसते शब्द आहेत, वस्तू काहीच नाही. याला 'विकल्प' म्हणतात. मग आठवण येते ती २०२१-२२ च्या हंगामाची. तेव्हा कापूस खरोखर दहा हजारांच्या पलीकडे गेला होता, आणि शेजाऱ्याने तो वेळेवर विकला होता. ही 'स्मृती'. शेवटी कधीतरी 'निद्रा' लागते. पतंजली झोपेलाही वृत्तीच मानतात, कारण सकाळी उठून आपण 'छान झोप झाली' असं सांगू शकतो. म्हणजे आत कुणीतरी तिचीही नोंद ठेवत होतं.

खोलीतला कापूस रात्रभर हललेला नाही, आणि त्याचा भाव रात्री कुणी बदललेला नाही. तरी माणूस त्या रात्रीत चारदा श्रीमंत झाला आणि पाचदा बुडाला. योगाचा विषय हाच आहे. मावशींच्या डोक्यात फिरणारं वाक्य सूनबाईंनी एकदाच उच्चारलं. त्यानंतर दोनशे वेळा ते मावशींनी स्वतःच स्वतःला ऐकवलं. ही स्मृती, आणि तिच्यावर चढवलेला विकल्प: 'उद्या ती असं म्हणाली तर मी तसं म्हणेन.'

इथे एक बारीक गोष्ट सुटू नये. पतंजली वृत्तींना सरसकट वाईट ठरवत नाहीत. त्या क्लेश देणाऱ्या असतात तशा क्लेश न देणाऱ्याही असतात. बाजारभाव पाहून येणं ही वृत्तीच आहे, आणि ती गरजेची आहे.

'निरोध' म्हणजे मन बंद पाडणं का?

बहुतेकांची पहिली हरकत हीच असते. 'विचार थांबवले तर माणसाचा दगड होईल. आणि विचार थांबव म्हटलं की ते दुप्पट येतात.' हरकत रास्त आहे. निरोधाचा अर्थ मलाही पुस्तकातून नीट कळला नव्हता. तो कळला पांझरेच्या काठी.

धुळे जिल्ह्यात पांझरेवर, आणि शेजारी नाशिक जिल्ह्यात मोसम नदीवर, शेकडो वर्षं चालत आलेली फड पद्धत आहे. नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. आपल्या वाफ्यात आपण स्वतः पाणी वळवायचं नाही, ते काम पाटकऱ्याचं. लहानपणी आजोबांसोबत गेलो की मला वाटायचं, हा पाटकरी किती आरामात आहे! हातात फावडं, आणि काम काय, तर एका वाफ्याचं तोंड मातीने बुजवायचं आणि दुसऱ्याचं फोडायचं. तो पाणी ओढत नाही, ढकलत नाही, त्याच्यावर ओरडतही नाही. तोंड फोडलं की पाणी आपलं आपण उताराला धावतं.

पुढे योगसूत्रं वाचताना चौथ्या पादातल्या तिसऱ्या सूत्रावर मी थबकलो. तिथे शब्द आहे 'क्षेत्रिकवत्', म्हणजे शेतकऱ्यासारखं. त्यावर भाष्यात व्यास सांगतात, की शेतकरी एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात नेताना ते हाताने ओढत नाही. मधला बांध फोडतो, आणि पाणी स्वतःच पुढच्या वाफ्यात भरतं. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोथीत आमचा पाटकरी उभा! त्या सूत्राचा मूळ संदर्भ वेगळा आहे हे कबूल करतो. एका जन्मातल्या स्वभावाचं दुसऱ्यात रूपांतर कसं होतं, याची ती चर्चा आहे. पण चित्ताला नदी म्हणणं ही माझी ओढाताण नव्हे. पहिल्याच पादात, अभ्यास आणि वैराग्य यांनी निरोध होतो असं सूत्र आहे, आणि त्यावर भाष्य म्हणतं: चित्त नावाची नदी दोन्हीकडे वाहते, कल्याणाकडे वाहते आणि पापाकडेही. वैराग्याने विषयांकडे जाणारा प्रवाह अडवला जातो, आणि विवेकाच्या अभ्यासाने दुसरा प्रवाह मोकळा होतो.

म्हणजे हेही पाटकऱ्याचंच काम: एक तोंड बुजवायचं, एक फोडायचं.

नुसतं बुजवलं आणि कुठेच फोडलं नाही तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. पाणी तुंबतं, बांध फुटतो आणि नको त्याच्या वावरात शिरतं. 'विचार करायचाच नाही' म्हणून डोळे मिटून बसणाऱ्याचं तेच होतं. आणि नुसतं फोडत गेलो, जुनी तोंडं तशीच उघडी ठेवली, तर शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचतच नाही. सकाळी एक तास ध्यान आणि उरलेला दिवस मोबाइलवर भांडणं, हा त्यातलाच प्रकार.

वैराग्य या शब्दाला आपण उगाच घाबरतो. भगवे कपडे आणि घर सोडणं डोळ्यांपुढे येतं. इथे त्याचा अर्थ साधा आहे: प्रत्येक तोंडाला पाणी सोडलंच पाहिजे ही तहान नसणं.

आठ अंगं, आणि मैदानावरची दीड

पतंजलींच्या योगाला आठ अंगं आहेत: यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. मैदानावर यातलं तिसरं आणि चौथ्यातलं थोडं होतं. म्हणजे दीड अंग.

यम म्हणजे इतरांशी वागण्याचे पाच नेम: अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त साठा न करणं). नियम म्हणजे स्वतःशी वागण्याचे: स्वच्छता, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान (ईश्वराला शरण जाणं). हे वाचल्यावर अनेकांना मूल्यशिक्षणाचा तास आठवतो आणि ते पान उलटतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हे नेम आधी का ठेवले असतील? उत्तर अगदी व्यवहारातलं आहे. दुपारी मापात पाप केलेला माणूस रात्री डोळे मिटून बसला, की त्याच्या चित्तात त्या मापाचाच हिशेब चालतो. कुणाला कळेल का, कळलं तर काय सांगायचं? खोटं बोललो की ते लक्षात ठेवावं लागतं. साठवलं की राखावं लागतं. यम पाळल्याने पुण्य लागतं की नाही ते बाजूला ठेवा, डोक्यातली रखवाली कमी होते हे नक्की. फडाच्या भाषेत सांगायचं तर उंदरांनी पोखरलेला बांध आधी लिंपायचा, मग पाणी सोडायचं.

आसन आणि प्राणायामाबद्दल एवढंच, की श्वास हा शरीरातला अजब मामला आहे. तो आपोआप चालतो आणि हवा तेव्हा आपल्या हातातही येतो. हृदयाला 'हळू चाल' सांगता येत नाही, पण श्वास लांब आणि संथ सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे कुणालाही नाडीवर बोट ठेवून पाहता येतं. मनाच्या घरात शिरायला हे मागचं दार आहे.

पाचवं अंग प्रत्याहार, म्हणजे इंद्रियांना आत वळवणं. इथे मला सारंगखेड्याची यात्रा आठवते. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो. देशभरातून घोडे येतात, आणि जाणता गिऱ्हाईक दात, खूर, चाल बघतो. पण शेवटी तो स्वार होऊन एकच गोष्ट तपासतो: लगाम ओढला तर ऐकतो का? कठोपनिषदात हीच उपमा आहे. शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. त्याच उपनिषदात योगाची एक फार जुनी व्याख्या सापडते: इंद्रियांची स्थिर धारणा, तिला योग मानतात. घोडे मारून टाका असं कुणी म्हणत नाही. मेलेल्या घोड्यांनी रथ कुठे जाणार? आज आपल्या खिशातला फोन दर दोन मिनिटांनी आपलाच लगाम ओढतो आणि आपण मान वळवतो. तिथे घोडा कोण आणि स्वार कोण, ते ज्याचं त्याने ठरवावं.

शेवटची तीन अंगं एकाच वाटेवरची आहेत. चित्ताला एका जागी बांधणं ही धारणा. ठिबकचं पाणी जसं थेंब थेंब केळीच्या एकाच बुंध्याशी पडत राहतं, तसं लक्ष पुन्हा पुन्हा तिथेच आणायचं. मधे खंड पडतो, पण जागा बदलत नाही. ते थेंब जोडले जाऊन तेलाच्या धारेसारखी अखंड धार झाली की ध्यान. आणि धार धरणाराही विसरला गेला की समाधी. मी अजून थेंबांतच आहे, तेव्हा पुढचं उसनं सांगत नाही.

मग एवढी आसनं आली कुठून?

ती हठयोगाच्या, म्हणजे शरीर आणि श्वास यांच्या साधनेच्या परंपरेतून वाढली. पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामांनी लिहिलेल्या हठप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत. पण तिच्या पहिल्याच श्लोकात हठयोगाला राजयोगाकडे, म्हणजे ध्यान-समाधीच्या योगाकडे, चढायची शिडी म्हटलं आहे. शिडीवरच बिऱ्हाड थाटायचं नसतं, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं.

विसाव्या शतकात या शिडीला व्यायामशाळेची, शाळांची आणि प्रयोगशाळेची जोड मिळाली. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घरोघर नेले. म्हैसूरच्या राजवाड्यात कृष्णम्माचार्यांनी शिकवलं. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार यांनी पुण्यातून ते जगभर पोचवलं. आणि एक दुवा थेट आपल्या खानदेशातला आहे. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू करणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळात शिकवत होते. उड्डियान, नौली या पोटाच्या क्रिया करताना आत नेमकं काय घडतं हे एक्स-रे आणि दाबमापक लावून पाहणारे ते पहिल्या काही लोकांपैकी. ज्या अमळनेरात प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, त्याच गावात हा माणूस योगाकडे प्रयोगाच्या नजरेने पाहायला लागला होता, याचा आपल्याकडे फारसा कुणी उल्लेख करत नाही. दोन स्थानिक निवडणुकांचे निकाल मात्र आपल्याला तोंडपाठ असतात.

तेव्हा आसनं परकी नाहीत आणि फुकटही नाहीत. कंबर दुखत असेल तर चित्त कमरेतच राहतं. मावशींची कंबर मोकळी झाली म्हणजे शिडीची पहिली पायरी झाली.

'मोठमोठे योगी चमत्कार करतात, ते काय?'

या प्रश्नाचं उत्तर तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव नावाचं गाव आहे आणि तिथे चांगदेवांचं जुनं देऊळ. आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे: चौदाशे वर्षं वय, योगबळाने काळाला परतवलेला, वाघावर बसणारा, हातात सापाचा चाबूक. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून त्यांनी पत्र लिहायला घेतलं. पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार, हे ठरेना. शेवटी कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, की इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानदेवांनी उत्तर म्हणून पासष्ट ओव्या पाठवल्या, आणि पुढे त्या चिमुरड्या मुक्ताबाईलाच चांगदेवांनी गुरू केलं.

आख्यायिकेतला वाघ खरा की खोटा यावर वाद घालणारे घालोत. मला त्यातला अडलेला हात जास्त खरा वाटतो. शरीर जिंकलं, श्वास जिंकला, मरण लांबवलं, पण 'मी मोठा की तो मोठा' ही एक वृत्ती सुटली नव्हती आणि तिने साधं पत्रसुद्धा लिहू दिलं नाही. पतंजलींनी तिसऱ्या पादात सिद्धींची भलीमोठी यादी दिली आहे, आणि मधेच सांगितलं आहे, की या सिद्धी जगाच्या नजरेत सिद्धी असल्या तरी समाधीच्या वाटेवर अडथळे आहेत. त्याच तापीकाठी मेहुणला शके १२१९, म्हणजे १२९७ साली, मुक्ताबाई विजेच्या लोळात गुप्त झाल्या असं परंपरा सांगते. आषाढीसाठी त्यांची पालखी मुक्ताईनगरहून पंढरीला निघते. महिनाभर पायी चालणाऱ्या त्या वारकऱ्यांना कुणी 'तुम्ही योग करता का' विचारलं तर ते हसतील.

'हा एका धर्माचा प्रकार नाही का?'

योग भारतातल्या परंपरांत वाढला आणि त्याची परिभाषा संस्कृत आहे, हे नाकारायचं कारण नाही. पण आत पाहिलं तर पाच यम म्हणजे जैनांची पाच महाव्रतं. पुढे येणारी मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा ही चौकडी बौद्धांकडेही जशीच्या तशी आहे. ईश्वराला शरण जाणं हा पतंजलींच्या सूत्रात 'वा' लावून आलेला उपाय आहे, 'वा' म्हणजे किंवा. त्याच ओळीने ते पुढे म्हणतात, 'यथाभिमतध्यानाद्वा', किंवा तुला रुचेल त्याचं ध्यान कर. ज्याला ओंकार म्हणायचा त्याने म्हणावा, ज्याला नको त्याने श्वास मोजावा. सक्ती करणाऱ्याचं आणि घाबरणाऱ्याचं, दोघांचंही हे सूत्र वाचायचं राहून गेलेलं असतं.

'संसारी माणसाला हे जमणार कधी?'

गीतेत अर्जुनाने हीच तक्रार केली: मन चंचल आहे, त्याला आवरणं वाऱ्याला आवरण्यासारखं अवघड. कृष्णाने 'नाही, सोपं आहे' असं म्हटलं नाही. 'कठीण आहे, यात शंका नाही' हे आधी मान्य केलं, आणि मग तीच जोडी सांगितली, अभ्यास आणि वैराग्य. गीतेतला योगी गुहेतला नाही, तो रणांगणावर आपलं काम करणारा आहे. 'समत्वं योग उच्यते', मनाचा समतोल म्हणजे योग, आणि 'योगः कर्मसु कौशलम्', कामातलं कौशल्य म्हणजे योग. शिवाय अति खाणाऱ्याला योग नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, हेही तिथेच आहे. कळण्याची भाकरी आणि भरीत बिनधास्त खा, फक्त चौथी भाकरी घेताना जरा थांबा.

आणि सबबींचं म्हणाल तर पतंजलींनी त्या आधीच लिहून ठेवल्या आहेत: आजारपण, मरगळ, संशय, बेफिकिरी, आळस, विषयांची ओढ, गैरसमज, पायरी न गाठणं आणि गाठलेली टिकवता न येणं. या नऊ विघ्नांबाहेरची सबब मला अजून सापडलेली नाही.

'बी.पी.ची गोळी सोडू का?'

नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी सोडायची नाही. जोरजोरात कपालभाती करणं रक्तदाब, हृदयविकार, हर्निया असलेल्यांना आणि गरोदर बायांना धोक्याचं ठरू शकतं. आमच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात तर कुणीच अंगातून घाम निथळेपर्यंत हट्ट करू नये. योग औषधासोबत चालतो, औषधाच्या जागी बसत नाही. आणि 'अमुक आसनाने तमुक रोग कायमचा बरा' सांगणाऱ्या चित्रफिती पुढे पाठवताना विपर्यय हा शब्द आठवावा.

मावशींना शेवटी काय सांगितलं

पंधरा दिवसांनी त्या भाजीच्या पिशवीसह भेटल्या तेव्हा ओट्यावर बसून हे सगळं सांगितलं. आठ अंगं ऐकून जांभई आली, पण फडातलं पाणी लगेच कळलं, कारण माहेर पांझराकाठचं. मी म्हटलं, "रात्री ते वाक्य आलं की त्याच्याशी भांडू नका. 'ही आठवण आहे' एवढं म्हणा आणि श्वासाकडे या. सोडताना मोजा. पुन्हा गेलं मन, पुन्हा आणा. दहा वेळा गेलं तर दहा वेळा."

"आणि सून?"

मग पहिल्या पादातलं तेहतिसावं सूत्र सांगितलं. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल आनंद, आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, याने चित्त प्रसन्न होतं. आपल्या मराठीत उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष करून दुखावणं, पण इथे अर्थ तसा नाही, असं मी घाईघाईने जोडलं. इथे अर्थ आहे मनाला लावून न घेणं, समोरच्याच्या वागण्याचा निवाडा आपल्या डोक्यात चालू न ठेवणं.

मावशींनी ते चारही शब्द बोटांवर मोजले.

"पहिले तीन जरा अवघड आहेत," त्या म्हणाल्या. "चौथा आजपासून करते. पण तू सांगितलेला अर्थ धरायचा, की आपला?"